पाण्यापलीकडच्या गावांचे देणे

कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, सागर तालुक्यात, शरावती नदीच्या फुगवट्यावर १४ जुलै २०२५ रोजी एक मोठा पूल वाहतुकीसाठी खुला झाला. अंबरगोडलू ते कळसवळ्ळी असा हा पूल आहे. पलीकडे सिगंदूर येथे चौडेश्वरी देवीचे प्रसिद्ध ठाणे असल्याने लोक त्याला सिगंदूरचा पूल म्हणतात. लांबी जवळपास अडीच किलोमीटर, नेमकी सांगायची तर २.४४ किलोमीटर. खर्च सुमारे ४७० कोटी रुपये. मधल्या खोल पाण्यावरचा भाग उंच खांबांवरून तिरप्या सोडलेल्या पोलादी दोरांनी तोलून धरला आहे. अशा पुलाला आता सर्रास 'केबल स्टेड' म्हणतात.

कर्नाटकातल्या पुलाचे कौतुक आपल्या पानावर कशाला, असे वाचक विचारतील. त्याचे कारण असे, की शरावतीकाठच्या माणसांची कथा आणि आपल्या कोयनाकाठच्या माणसांची कथा एकच आहे. नावे तेवढी बदलायची. लिंगनमक्कीचे धरण पुरे झाले १९६४ साली, आपले कोयना धरणही १९६४ सालचेच. तिकडे सुमारे १५० टीएमसी पाणी अडले, इकडे १०५. दोन्ही धरणे प्रामुख्याने विजेसाठी. दोन्हीकडे चांगली भातखाचरे, देवळे, वाडे, पाणवठे बुडाले. आणि दोन्हीकडे काही गावे अशी राहिली, की जी धड बुडाली नाहीत आणि धड उरलीही नाहीत. डोंगराच्या उतारावर सरकली, तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला जंगल.

अशा गावांना पूल मिळायला शरावतीच्या काठी साठ वर्षे लागली. साठ वर्षे म्हणजे दोन पिढ्या. धरणाच्या वेळी जी पोर पाळण्यात होती, ती आजी होऊन पुलावरून गेली.

लाँचवर अडलेले आयुष्य

तुमरी आणि आसपासच्या गावांचा तालुक्याशी जवळचा संबंध म्हणजे लाँच. माणसे, मोटारसायकली, जीपगाड्या, सुपारीची पोती, सगळे त्याच लाँचवर. संध्याकाळची शेवटची फेरी गेली की दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी ओलांडायचे नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की धक्का कोरडा पडायचा आणि गाड्या चढवणे बंद व्हायचे. सणावारी देवीच्या भाविकांच्या गाड्यांची रांग लागली, की गावच्या माणसालाही ताटकळत बसावे लागे. दुसरा रस्ता होता, पण तो भलामोठा वळसा घालून. रात्री कुणाला साप चावला किंवा एखादी बाई अडली, तर त्या वळशाशिवाय इलाज नसे.

हे वर्णन वाचताना तापोळा, बामणोली, कांदाटी खोऱ्यातल्या वाचकाला आपल्याच घरचे वाटेल. शिवसागर जलाशयाने कोयना, सोळशी, कांदाटी या नद्यांची खोरी भरून टाकली. समोरचे गाव डोळ्यांना दिसते, हाक मारली तर ऐकू येईल असे वाटते, पण जायचे म्हटले तर लाँच पाहिजे, नाही तर डोंगराला वळसा. जिल्हा परिषदेच्या लाँच आल्या, तराफा आला, बोट क्लबच्या होड्या आल्या. त्यांनी दिवस निभावले. पण मे महिन्यात पाणी उतरले की चिखलातून अर्धा-अर्धा कोस चालायचे, आणि आषाढात वारे सुटले की होडी काठालाच बांधून ठेवायची. कांदाटी खोऱ्यातल्या कित्येकांना साताऱ्यापेक्षा रघुवीर घाटाने खेड जवळचे वाटते. पावसाळ्यात त्या घाटात दरड आली की तीही वाट बंद.

"धरण उशाला आणि कोरड घशाला" ही म्हण आपल्याकडे पाण्यावरून पडली. रस्त्याच्या बाबतीतही ती तितकीच खरी आहे. ज्यांच्या खाचरांवरून आज पोफळीची वीज मुंबईपर्यंत जाते, ज्यांच्या पाण्यावर सांगली जिल्ह्यातल्या उपसा योजना चालतात, त्यांच्या दारी डांबर पोचले सर्वांत शेवटी.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. कोयनेची माणसे उठली तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. महाराष्ट्राने तो केला १९७६ साली. म्हणजे कोयनेच्या धरणग्रस्तांनी घर सोडले, त्यानंतर बारा-पंधरा वर्षांनी. कुणी रायगडात गेले, कुणी ठाण्यात, कुणी सोलापूर-सांगलीकडे. अनेकांचे जमिनीचे कागद आजही पुरे झालेले नाहीत, आणि त्यासाठी कोयनानगरला धरणग्रस्तांना पुन्हा पुन्हा आंदोलनाला बसावे लागले. शरावतीच्या विस्थापितांचेही तेच. पुनर्वसनाच्या जमिनी जंगलखात्याच्या नोंदीत अडकल्या आणि हक्काचा उतारा मिळवण्यासाठी ते अजून झगडत आहेत. पूल झाला म्हणून तो हिशेब मिटला, असे कुणी समजू नये.

कावडीसारखा पूल

आता हा दोरांचा पूल कसा उभा राहतो, हे थोडक्यात. आपल्या डोळ्यांसमोर कावड आणावी. कावडवाल्याच्या खांद्यावर मधोमध काठी, दोन्ही टोकांना शिंकाळी, शिंकाळ्यात घागरी. दोन्ही बाजूंचे वजन सारखे असले, की सगळा भार खांद्यावरून सरळ पायांत उतरतो आणि माणूस तोल न जाता चालतो. या पुलाचेही तसेच आहे. नदीत एक भक्कम, उंच खांब. त्याच्या माथ्यापासून दोन्ही अंगांना पोलादी दोर तिरपे खाली येतात आणि रस्त्याची फळी उचलून धरतात. गाडीचे वजन फळीवर, फळीचे दोरावर, दोराचे खांबावर आणि खांबाचे जमिनीतल्या पायावर. बांधतानाही तोल राखायचा असतो. खांबाच्या अलीकडे जेवढे बांधले तेवढेच पलीकडे बांधत पुढे जायचे.

ऋषिकेशचा लक्ष्मणझुला वेगळा. तिथे दोन टोकांना बांधलेला झोकदार मुख्य दोर असतो आणि त्यावरून उभ्या दोरांनी फळी टांगलेली असते. केबल स्टेड पुलात प्रत्येक दोर थेट खांबापासून फळीपर्यंत येतो. आपल्या देशात कोलकात्याचा विद्यासागर सेतू हे याचे जुने मोठे उदाहरण. हुगळी नदीवरचा हा पूल १९९२ साली सुरू झाला आणि त्याचा मधला गाळा ४५७ मीटरचा आहे. मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ चा, पणजीला मांडवीवरचा तिसरा पूल २०१९ चा.

धरणाच्या फुगवट्यावर हाच प्रकार का सोयीचा? साध्या पुलाला थोड्या थोड्या अंतरावर खांब लागतात. धरणाचे पाणी खोल, तळाशी साठ वर्षांचा गाळ, पातळी वर्षभरात खालीवर होणारी. अशा पाण्यात प्रत्येक पाया म्हणजे खर्च आणि जोखीम. दोरांच्या पुलाने दोन खांबांतले अंतर वाढवता येते, पाण्यातले पाये कमी होतात आणि खालून लाँचलाही वाट राहते. आपल्याकडे तापोळा ते अहीर या पुलाचे काम काही वर्षांपूर्वी याच पद्धतीने हाती घेण्यात आले, ते उगाच नाही. फक्त एवढे ध्यानात ठेवावे, की हा पूल नाजूक नसला तरी लाडाचा आहे. दोरांत पाणी शिरता कामा नये, त्यांचा ताण ठराविक काळाने मोजावा लागतो, सांधे आणि बेअरिंग बदलावी लागतात. सिगंदूरचा पूल खुला होण्याच्या पाचच दिवस आधी, ९ जुलै २०२५ रोजी, गुजरातेत मही नदीवरचा गंभीरा पूल कोसळला. तो १९८५ चा, म्हणजे चाळीस वर्षांचा. वीसच्या आसपास माणसे गेली. आपल्या महाडजवळ सावित्रीचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री एसटी गाड्यांसकट वाहून गेला, ती रात्र कोण विसरेल? पुलाच्या उद्घाटनाला तीन मंत्री येतात, पण दर साली त्याखाली उतरून पाहणारा एक अभियंता यायला हवा. त्याची तरतूद पूल मंजूर करतानाच झाली पाहिजे.

पूल कुणासाठी?

आता मुद्द्याचे बोलू. कोयनेच्या फुगवट्यावरील पुलाची चर्चा निघाली की पहिला शब्द ऐकू येतो तो पर्यटनाचा. खांबाच्या उंचीवर प्रेक्षणीय गॅलरी, खाली बोटिंग, बाजूला रिसॉर्ट. नवीन महाबळेश्वर प्रकल्पासाठी दोनशेहून अधिक गावांचा आराखडा महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे सोपवला गेला, त्यातही सूर तोच. पर्यटनाला आमचा विरोध नाही. तापोळ्याच्या पोरांना चार पैसे होडीवर मिळाले, स्ट्रॉबेरीला गिऱ्हाईक दारात आले, हे चांगलेच झाले. पण पुलाची खरी परीक्षा गॅलरीत उभे राहून होत नाही.

परीक्षा अशी. रात्री दोन वाजता अडलेली बाई किती वेळात दवाखान्यात पोचली? सातवीनंतर शाळा सोडणाऱ्या मुलींपैकी किती जणी पुलापलीकडच्या हायस्कुलात गेल्या? भात, नाचणी, वरी, मध घेऊन बाजाराला जाणाऱ्याचा दिवस वाचला का? दुधाची गाडी गावात आली का? मुंबईला माथाडी कामाला गेलेल्या पोरांपैकी एखादा तरी परतला का? या प्रश्नांची उत्तरे होय अशी आली, तर पूल गावाचा. नाही आली, तर पूल गावावरून गेला एवढेच.

त्यासाठी पुलाच्या दोन्ही टोकांकडे बघावे लागेल. अडीच किलोमीटरचा देखणा पूल बांधायचा आणि पुढे वाडीपर्यंतचा चार किलोमीटर रस्ता खड्ड्यांत ठेवायचा, हे आपल्याकडे नवीन नाही. पुलाबरोबर जोडरस्ते, एसटीची मुक्कामी गाडी, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री हजर असणारा डॉक्टर व रुग्णवाहिका, ही सगळी कामे एकाच यादीत हवीत. आणि तोवर, म्हणजे ज्या वाडीपर्यंत रस्ता पोचत नाही त्या वाडीसाठी, लाँच चालूच राहिली पाहिजे. पूल झाला म्हणून लाँचचे डिझेल बंद, असा हिशेब करणाऱ्याला पलीकडच्या काठाचा नकाशाच ठाऊक नाही असे म्हणावे लागेल. एक पूल एका ठिकाणी असतो. फुगवटा पन्नास-साठ किलोमीटर पसरलेला आहे.

जमीन सांभाळा

शेतकरी बंधूंनो, शेवटची गोष्ट तुमच्यासाठी आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. पूल येण्याआधी दलाल येतो. पुलाचा खांब पाण्याबाहेर दिसायच्या आत जमिनीचे भाव फिरलेले असतात, आणि ते फिरल्याचे सर्वांत शेवटी कळते ते जमिनीच्या मालकाला. साठ वर्षे ज्या पडीक उताराकडे कुणी ढुंकून पाहिले नाही, त्याच्या बांधावर अचानक चारचाकी गाड्या उभ्या राहू लागतात. कांदाटी खोऱ्यातील झाडाणीच्या मोठ्या जमीनखरेदीचे प्रकरण २०२४ मध्ये वर्तमानपत्रांतून गाजले, कमाल जमीनधारणा कायद्याखाली सुनावण्या लागल्या. त्याचा निवाडा ज्यांनी करायचा ते करतील. आपण त्यातून शहाणे व्हायचे.

पहिले काम वारसनोंदीचे. आपल्या खोऱ्यात कित्येक सात-बारा उतारे आजोबा-पणजोबांच्या नावावर आहेत. भाऊबंद मुंबईला, चुलते ठाण्याला, कुणाचा पत्ता नाही. अशा उताऱ्यावर एखाद्याच वारसाला गाठून सही घेतली जाते आणि बाकीच्यांना कळते ते कुंपण पडल्यावर. गणपतीला, शिमग्याला सगळे भाऊबंद गावी येतात. त्या दोन दिवसांत तलाठ्याकडे बसून वारसनोंदी करून घ्या. बहिणींची नावेही लागलीच पाहिजेत, तो त्यांचा कायद्याने हक्क आहे.

दुसरे, कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या मुखत्यारपत्रावर सही-अंगठा नको. "नुसतं मोजणीसाठी आहे दादा, सही करा" असे म्हणणाऱ्याला चहा पाजा, सही देऊ नका. कागद घरी ठेवून घ्या, शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या, मग बघू.

तिसरे, पुनर्वसनात मिळालेली जमीन बहुधा भोगवटादार वर्ग-२ असते. ती सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. परवानगीविना झालेला व्यवहार उद्या अंगलट येतो तो विकणाऱ्याच्याही. तसेच, जो शेतकरी नाही त्याला सर्वसाधारणपणे शेतजमीन घेता येत नाही, आणि जिरायत जमिनीला एका कुटुंबासाठी ५४ एकरांची कमाल मर्यादा आहे. समोरचा माणूस कुणाच्या नावाने घेतो आहे, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

चौथे, जोडरस्त्यात जमीन जात असेल तर मोजणीचा नकाशा पाहिल्याशिवाय आणि मोबदला लेखी ठरल्याशिवाय ताबा देऊ नका. एकदा धरणासाठी विश्वासावर दिले. दुसऱ्यांदा कागदावर द्या.

आणि विकायचीच पाळी आली, लेकीचे लग्न किंवा दवाखाना निघाला, तर सगळी विकू नका. भाडेपट्ट्याने देता येते का बघा. दोन-चार घरांनी मिळून स्वतःच न्याहारी-निवासाची सोय करता येते का बघा. आज लाखांत विकलेल्या जमिनीवर उद्या पोरगा वॉचमन म्हणून उभा राहिला, तर त्या पुलाला काय म्हणायचे?

गावच्या अधिकाऱ्यांनाही दोन शब्द सांगायला हवेत. तलाठ्याचा हुद्दा आता ग्राम महसूल अधिकारी झाला आणि ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी. नाव मोठे झाले, तशी जबाबदारीही समजावी. फेरफाराची नोटीस नुसती चावडीच्या फळ्यावर चिकटवून भागणार नाही. हरकतीचे पंधरा दिवस आहेत, आणि ज्याची हरकत असायची तो मुंबईला आहे. त्याला फोन जाईल, व्हॉट्सअ‍ॅपवर नोटिशीचा फोटो जाईल, एवढे तरी करता येते. सरपंचांनी १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभांत गावात झालेल्या जमीन व्यवहारांची यादी वाचून दाखवावी. कुणावर आरोप नको, नुसती यादी. उजेडात ठेवलेल्या गोष्टीला पाय फुटत नाहीत.

सिगंदूरच्या पुलावरून पहिल्या दिवशी लोक गाड्या थांबवून, उतरून, चालत गेले, यात नवल नाही. साठ वर्षे जे पाणी आडवे पडले होते, ते पायाखाली बघावेसे वाटणारच. आपल्या खोऱ्यातही ती वेळ यावी, पण सरकारने उपकार केल्याच्या थाटात नको. धरणासाठी ज्यांनी गाव दिले, त्यांचे हे जुने देणे आहे, आणि तेही व्याज न धरता फेडले जात आहे. देणेकऱ्याने ते वेळेत आणि पुरते फेडावे. आणि घेणेकऱ्याने, म्हणजे तुम्ही-आम्ही, ते हातात पडेपर्यंत आपला सात-बारा घट्ट धरून ठेवावा.